अपराधशास्त्र आणि विद्यापीठ

आमच्या सुशिक्षित घरांतून मुलांच्या शिक्षणाविषयीं जी चर्चा चालते तींत वैद्यकी, स्थापत्य, कायदा, अर्थशास्त्र हीं नांवें वारंवार ऐकूं येतात. पण एखाद्या मुलानें अगर मुलीनें 'मी अपराधशास्त्र शिकणार' असें म्हटलें, कीं क्षणभर सर्वजण एकमेकांकडे पाहूं लागतात. वडिलांच्या डोळ्यांपुढें पोलिसचौकी उभी राहते, आईला तुरुंगाची भिंत दिसते आणि धाकट्या भावंडांना गुप्तहेरांच्या कादंबऱ्या आठवतात. चोरी, खून आणि दरोडा यांत शास्त्र तें कसलें, आणि असलेंच तर तें पोलिसांच्या शाळेंत शिकवावें, विद्यापीठाचा त्याशीं संबंध काय, असा प्रश्न मग सहजच निघतो. हा प्रश्न निरर्थक नाहीं. किंबहुना या शास्त्राचा सारा इतिहास म्हणजे याच प्रश्नाला वेळोवेळीं दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय. आणि त्यांतील एका चुकीच्या उत्तराची किंमत आमच्याच महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या मोजली आहे. म्हणून तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मिलान शहरांतील चेझारे बेक्कारिया नांवाच्या तरुण उमरावानें १७६४ सालीं गुन्हे व शिक्षा यांवर एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां त्याचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. ग्रंथावर त्यानें आपलें नांवही घातलें नव्हतें, आणि तें शहाणपणाचेंच होतें. कारण आरोपीचे हाल करून कबुली काढणें हा त्या काळीं युरोपांत अनेक ठिकाणीं कायदेशीर मार्ग समजला जात असे, आणि बेक्कारियानें नेमका त्यावरच हल्ला चढविला होता. शिक्षेचा हेतु सूड नसून पुढील गुन्हा टाळणें हा आहे. शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षां ती किती अटळ आहे याचाच लोकांना धाक वाटतो. कायदा सामान्य माणसास वाचून कळेल असा असावा. देहान्त शासनानें समाजाचा लाभ होत नाहीं. अशीं त्याचीं मतें होतीं. यांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, बेक्कारियानें गुन्हेगाराच्या चेहऱ्याकडे फारसें पाहिलेंच नाहीं. त्यानें पाहिलें तें न्यायाधीशाकडे, कायद्याकडे आणि राजसत्तेकडे. चार वर्षांनीं, १७६८ मध्यें, त्याला मिलान येथें अध्यापकाची जागा मिळाली, पण ती अर्थशास्त्राची! अपराधाचा स्वतंत्र शास्त्र म्हणून अभ्यास विद्यापीठांत शिरण्यास अजून शंभर वर्षें लागावयाचीं होतीं.

शेवटीं तें शास्त्र शिरलें तें वैद्यकाच्या दारानें. चेझारे लोंब्रोझो हा इटालियन लष्करांत डॉक्टर होता. पुढें तो तुरिन येथें न्यायवैद्यकाचा अध्यापक झाला. कॅलाब्रिया प्रांतांतील विलेला नांवाच्या एका कैद्याची कवटी तपासतांना तिच्या मागील बाजूस त्याला एक खळगा आढळला. असा खळगा खालच्या दर्जाच्या प्राण्यांत असतो असें त्याचें मत होतें. त्यावरून त्यानें असा सिद्धान्त बांधला कीं, गुन्हेगार हा मनुष्यजातीच्या मागील अवस्थेंतून चुकून आमच्या काळांत जन्मास आलेला प्राणी आहे. पुढें आलेला जबडा, मोठे कान, अरुंद कपाळ, लांब हात हीं त्याच्या मतें गुन्हेगारीचीं जन्मखूण होत. १८७६ सालीं त्याचा 'गुन्हेगार मनुष्य' हा ग्रंथ निघाला, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो फुगत गेला. १८८५ मध्यें त्याचा अनुयायी गारोफालो यानें आपल्या ग्रंथास 'क्रिमिनोलॉजिया' असें नांव दिलें आणि तेंच या शास्त्राला चिकटलें.

लोंब्रोझोला केवळ हंसून सोडणें न्यायाचें होणार नाहीं. पुस्तकांतील कलमांवरून उठून प्रत्यक्ष माणसाकडे गेलें पाहिजे ही त्याची भूमिका नवी होती, आणि जन्मजात गुन्हेगारांचा वाटा तो स्वतःही पुढें कमी करीत गेला. त्याची चूक मोजमापांत नव्हती. आपण कोणास मोजीत आहों हें त्यानें स्वतःला विचारलें नाहीं, येथें त्याची चूक होती. त्यानें मोजले ते तुरुंगांतील कैदी. आणि इटलीच्या एकीकरणानंतरच्या त्या काळांत तुरुंगांत कोण जात होते? दरिद्री, निरक्षर, आणि विशेषतः दक्षिणेकडील शेतकरी. जाळ्यांत सांपडलेल्या माशांवरून त्यानें समुद्राचें वर्णन केलें. जाळें कोणीं विणलें, त्याच्या भोंकांचा आकार केवढा, आणि तें कोणत्या बाजूस टाकलें, याची त्यानें चौकशी केली नाहीं. विलेलाची ती कवटी तुरिनच्या संग्रहालयांत अद्याप आहे; त्याच्या गांवच्या लोकांनीं ती परत मिळावी म्हणून एकविसाव्या शतकांत कोर्टकचेऱ्या केल्या. त्याच संग्रहालयांत खुद्द लोंब्रोझोचा सांगाडाही त्याच्याच इच्छेप्रमाणें ठेवलेला आहे.

येथपर्यंतची हकीकत परदेशची म्हणून वाचकांस दूरची वाटेल. परंतु लोंब्रोझोचा ग्रंथ निघण्याच्या आधीं पांच वर्षें, १८७१ सालीं, आमच्या देशांत सरकारनें तोच विचार कायद्याच्या भाषेंत लिहून ठेवला होता. 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट' म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा तो हाच. एखादी जमात पद्धतशीरपणें गंभीर गुन्हे करते असें सरकारनें गॅझेटांत जाहीर केलें, कीं तोच निर्णायक पुरावा; त्याविरुद्ध न्यायालयांत दाद मागण्याची सोय नाहीं. त्या जमातींतील माणसांची पोलिसांत नोंद व्हावयाची, हजेरी द्यावयाची, आणि परवान्याशिवाय ठरलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं. मनुष्यानें काय केलें हा प्रश्नच उरला नाहीं. तो कोणाच्या पोटीं जन्मला एवढें पुरे झालें. तुरिनच्या अध्यापकानें निदान कवटी तरी मोजली होती. येथें तेवढीही तसदी कोणी घेतली नाहीं.

हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानांत लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्यानें त्याचें क्षेत्र मुंबई इलाख्यापर्यंत आलें. कैकाडी, भामटा, कंजारभाट, पारधी, छप्परबंद अशा अनेक जमाती त्याच्या कक्षेंत ओढल्या गेल्या. सोलापुरास तारेच्या कुंपणांत 'सेटलमेंट' वसविण्यांत आली. तेथील माणसें गिरणींत कामास जात आणि ठरल्या वेळीं हजेरीस उभीं राहत. तो शब्द सोलापूरच्या बोलण्यांत अजून टिकून आहे. रेल्वे आल्यावर बैलांच्या पाठीवरून होणारी मालाची ने-आण बसली, जंगलचे कायदे आल्यावर शिकार आणि वनोपज यांवरचा हक्क गेला. ज्यांचें पोट भटकण्यावर होतें त्यांचें भटकणेंच संशयास्पद ठरलें. हीं सर्व कारणें डोळ्यांपुढें असतांही सरकारी कागदांत कारण एकच लिहिलें गेलें, तें म्हणजे रक्त.

मुंबई प्रांतांत हा कायदा १९४९ मध्यें आणि सर्व देशांत ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. 'गुन्हेगार' जमाती 'विमुक्त' झाल्या. पण नांव बदललें तरी नजर बदलण्यास फार काळ लागतो. लक्ष्मण माने यांचें 'उपरा' १९८० मध्यें आणि लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' १९८७ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां ज्यांच्याविषयीं आजवर फक्त दप्तरांत लिहिलें गेलें होतें त्यांनीं स्वतः लिहिलेलें मराठी वाचकांच्या हातीं आलें. अपराधशास्त्राच्या विद्यार्थ्यानें लोंब्रोझोच्या ग्रंथाशेजारीं हीं दोन पुस्तकें ठेवावीं असें आम्हांस वाटतें. एका बाजूस मोजणारा बोलतो, दुसऱ्या बाजूस मोजला गेलेला.

लोंब्रोझोचा सिद्धान्त खोडला गेला तोही मोजूनच, ही गोष्ट शास्त्राला भूषणावह आहे. इंग्लंडांतील तुरुंगांत वैद्यकीय अधिकारी असलेल्या चार्ल्स गोरिंग यानें सुमारें तीन हजार कैद्यांची मापें घेतलीं आणि त्यांची तुलना तुरुंगाबाहेरील लोकांशीं, त्यांतही ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील विद्यार्थ्यांशीं केली. संख्याशास्त्री कार्ल पियर्सन याचें साह्य त्याला होतें. १९१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, गुन्हेगारांचा असा शारीरिक नमुना मुळीं अस्तित्वांतच नाहीं. गोरिंगही आपल्या काळाच्या समजुतींतून सर्वस्वीं सुटला नव्हता. बुद्धिमांद्य आणि आनुवंशिकता यांवर त्यानें पुष्कळ भार टाकला. तरी पण तुरुंगाच्या भिंतीबाहेरील माणसाशीं ताडून पाहिल्यावांचून आंतील माणसाविषयीं कांहींही बोलूं नये, हा धडा त्यानें घालून दिला.

याच सुमारास शास्त्राची दुसरी एक शाखा वाढत होती. तिचा प्रश्न गुन्हेगार कसा असतो हा नसून, गुन्हा कोणीं केला हें कशावरून ठरवावें हा होता. ऑस्ट्रियांतील तपासी न्यायाधीश हान्स ग्रोस यानें १८९३ मध्यें या कामाचें एक हस्तपुस्तक लिहिलें. पावलांचे ठसे, रक्ताचे डाग, साक्षीदाराच्या स्मृतींतील दोष, यांचा त्यांत तपशीलवार विचार आहे. या ग्रंथाचें इंग्रजी रूपांतर १९०६ सालीं निघालें तें लंडनहून नव्हे, तर आमच्या मद्रासेहून. तेथील सरकारी वकील जॉन ॲडम व त्यांचे सहकारी यांनीं तें हिंदुस्थानांतील कामकाजास अनुरूप करून घेतलें होतें. बोटांच्या ठशांचें वर्गीकरणही कलकत्त्यासच सिद्ध झालें. १८९७ सालीं तेथें ठशांची कचेरी स्थापन झाली. एडवर्ड हेन्री यांचें नांव त्या पद्धतीस मिळालें, परंतु तिचें गणित बसविण्यांत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा हात होता. ग्रोस कांहीं वर्षें प्राग येथें अध्यापक असतांना त्याच्या व्याख्यानांस फ्रान्झ काफ्का नांवाचा एक कायद्याचा विद्यार्थी हजर असे. त्याच काफ्कानें पुढें अशी कादंबरी लिहिली कीं जींत आरोपीला आपला गुन्हा कोणता हें अखेरपर्यंत कळत नाहीं. पुराव्याचें शास्त्र कितीही सूक्ष्म झालें, तरी न्यायाची यंत्रणा आंधळी असूं शकते, हें विद्यार्थ्यांना शिकविण्यास याहून चांगला योगायोग सांपडणें कठीण.

आतां अमेरिकेकडे वळूं. १९३९ च्या डिसेंबरांत फिलाडेल्फिया येथें समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेंत अध्यक्ष एडविन सदरलंड यानें एक व्याख्यान दिलें. गुन्हेगारी दारिद्र्यांतून, फुटक्या संसारांतून, मंद बुद्धींतून निपजते असें सर्वजण सांगत होते. सदरलंडनें विचारलें, मग प्रतिष्ठित व्यापारी, कारखानदार आणि बँकवाले जो कायदेभंग करतात त्याचें काय? त्यांना दारिद्र्य नाहीं, त्यांचे संसार फुटके नाहींत, आणि बुद्धि तर मुळींच मंद नाहीं. या गुन्ह्यांना त्यानें पांढरपेशांचे गुन्हे असें नांव दिलें. पुढें दहा वर्षें खपून त्यानें अमेरिकेंतील सत्तर मोठ्या कंपन्यांचा इतिहास तपासला. खोट्या जाहिराती, व्यापारांतील संगनमत, मजुरांशीं बेकायदा वर्तन, यांसंबंधीं न्यायालयांनीं व आयोगांनीं या कंपन्यांविरुद्ध दिलेले ९८० निकाल त्याला आढळले. म्हणजे सरासरी प्रत्येकीमागें चौदा. दरोडेखोराला आम्ही दोनतीन शिक्षांनंतर सराईत म्हणतों; या हिशेबानें सराईत कोण?

ग्रंथ १९४९ मध्यें छापून निघाला, पण त्यांत एकाही कंपनीचें नांव नव्हतें. बदनामीच्या फिर्यादी होतील या भीतीनें प्रकाशकानें नांवें गाळावयास लाविलें, आणि विद्यापीठाच्या चालकांनाही तीच भीति वाटली. सदरलंड पुढच्याच वर्षीं वारला. नांवांसह संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध होण्यास १९८३ साल उजाडावें लागलें. विलेलाचें नांव जगभर छापण्यास कोणी कचरलें नाहीं. कारण विलेला फिर्याद करण्यास येणार नव्हता. या दोन घटना शेजारीं ठेवल्या म्हणजे विद्यापीठाचें कर्तव्य काय आणि त्याचा मोह कोणता, हें दोन्ही स्पष्ट होतें.

सदरलंडचा विचार जगास नवा वाटला, तरी आमच्या जुन्या ग्रंथांना तो अगदींच अपरिचित नव्हता. म्हैसूरचे शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राचें चौथें अधिकरण 'कंटकशोधन' या नांवाचें आहे. समाजाला बोचणारे कांटे शोधून काढणें हा त्याचा विषय. पण त्याचा आरंभ चोरांपासून होत नाहीं. प्रथम येतात कारागीर, मग खोटीं वजनें-मापें वापरणारे व्यापारी. आणि पुढें एका प्रकरणांत अधिकाऱ्यांचा समाचार घेतांना, विचारावयाचें तें न विचारणारा न्यायाधीश आणि सांगितलेलें न लिहिणारा लेखक यांनाही दंड सांगितले आहेत. कौटिल्याच्या दंडनीतींत वर्णावर्णांचा भेद आहे आणि आरोपीचे हाल करण्याची तरतूदही आहे. तिचें गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु कांटा पायांत मोडतो तसा सिंहासनाच्या गादींतही असूं शकतो, एवढें त्या ग्रंथकारास ठाऊक होतें.

इंग्लंडांत हें शास्त्र विद्यापीठांत रुजविलें तें मुख्यतः बाहेरून आलेल्या माणसांनीं. हर्मन मानहाइम हा बर्लिनचा न्यायाधीश आणि माक्स ग्रुनहुट हा बॉनचा अध्यापक. नाझी राजवटीनें दोघांसही देश सोडावयास लाविलें. एकानें लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयांत, दुसऱ्यानें ऑक्सफर्डमध्यें या विषयाचा पाया घातला. पोलंडमध्यें जन्मलेला लिऑन रॅडझिनोविच यानें केंब्रिज येथें काम केलें आणि १९५९ मध्यें तेथील अपराधशास्त्र-संस्थेचा तो पहिला संचालक झाला. ज्या जर्मनींत १९३३ साली सराईत गुन्हेगारांविरुद्ध कडक कायदा करून त्याच्या जोडीला रक्तशुद्धीचें तत्त्वज्ञान उभें केलें गेलें, त्याच जर्मनींतून हाकलले गेलेले विद्वान दुसऱ्या देशाला गुन्ह्याचा विचार शांतपणें कसा करावा हें शिकवूं लागले.

आमच्याकडे मुंबईस १९३६ मध्यें सर दोराबजी टाटा यांच्या नांवें समाजकार्याचें विद्यालय निघालें. १९४४ पासून तेंच टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखलें जातें. गुन्हेगारी आणि कैद्यांची सुधारणा यांचा अभ्यास तेथें फार वर्षांपासून चालत आला आहे. सागर विद्यापीठांत १९५९ सालीं अपराधशास्त्र व न्यायसहायक विज्ञान यांचा विभाग सुरू झाला, आणि पुढें इतर विद्यापीठांनींही तो मार्ग धरला. १८६० ची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. कायद्याचें पुस्तक बदललें म्हणजे न्याय बदलला असें मात्र नव्हे. तो बदलला कीं नाहीं हें मोजून पाहणारें कोणी तरी हवें. २०२२ च्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत असलेल्या दर चार माणसांपैकीं सुमारें तिघांचा खटला अद्याप संपावयाचा होता. ही एक ओळ वाचून ज्याच्या मनांत दहा प्रश्न उभे राहतात, तो या शास्त्राचा विद्यार्थी.

या अभ्यासानें मनुष्य गुन्हेगारांचा कैवारी बनतो आणि ज्याचें घर फोडलें, ज्याचें माणूस गेलें, त्याला विसरतो, असा आक्षेप कांहीं सभ्य गृहस्थ घेतात. तो अगदींच पोकळ नाहीं. फार दिवस या शास्त्रांत पीडित मनुष्याला जागा नव्हती. जर्मनी सोडून अमेरिकेस गेलेल्या हान्स फॉन हेंटिग याचा गुन्हेगार व त्याचा बळी यांवरील ग्रंथ १९४८ मध्यें निघाला, आणि पुढें त्या अभ्यासाची एक स्वतंत्र शाखाच झाली. परंतु रोगाचें निदान करणारा वैद्य रोगाचा पक्षपाती ठरत नाहीं. आणि चुकीच्या माणसास शिक्षा झाली म्हणजे पीडिताचें दुःख कमी होत नाहीं, खरा गुन्हेगार तेवढा मोकळा राहतो.

पोलिसांच्या शाळेंत तपास शिकवितात, आणि तो तेथें शिकविलाच पाहिजे. पण कायदा करणाऱ्यास, पकडणाऱ्यास, न्याय देणाऱ्यास आणि कोंडणाऱ्यास 'हें आपण कोणत्या आधारावर करीत आहां?' असें त्यांच्या हाताखालीं नसलेल्या माणसानें विचारावें, ही सोय दुसऱ्या कोठें नसते. ती विद्यापीठांत असते, निदान असावयास पाहिजे. जेव्हां विद्यापीठानें केवळ खालीं पाहिलें तेव्हां त्याला कवट्याच दिसल्या. जेव्हां त्यानें वरही पाहिलें तेव्हां शास्त्र पुढें गेलें. म्हणून आपल्या घरांतील मुलगी हा विषय निवडीत असेल, तर तिला नोकरी कोठें मिळेल हें आईबापांनीं अवश्य विचारावें. तुरुंगांत, बालगृहांत, न्यायालयांत, प्रयोगशाळेंत कामें पुष्कळ आहेत. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: तूं कोणाकडे पाहण्यास शिकणार आहेस? तारेच्या कुंपणाच्या आंतील माणसाकडे, कीं तें कुंपण घालणाऱ्या हाताकडेही? दोहोंकडे, असें उत्तर आलें तर तिला निश्चिंतपणें जाऊं द्यावें.